प्राध्यापक भरायचा की विभागप्रमुख? विद्यापीठातील विज्ञान विभागाच्या एका जागेबद्दल

अनुनाद

राज्यातील एका अकृषी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी गेली एकवीस वर्षे शिकवतो आहे. आमच्याकडील प्राध्यापकपदाच्या एका जागेची जाहिरात लवकरच निघेल असे दिसते, आणि त्या जाहिरातीतील स्पेशलायझेशनच्या रकान्यात विभागाने काय कळवायचे, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काम दोन ओळींचे आहे, पण त्या दोन ओळी आठ दिवस माझ्या टेबलावर तशाच पडून आहेत.

त्याचे कारण असे की, विभागात आज एकही पूर्णवेळ प्राध्यापक (म्हणजे सहयोगी प्राध्यापकाच्या वरच्या श्रेणीतला) उरलेला नाही. कॅसमधून (सेवेतील बढतीच्या योजनेतून) प्राध्यापक झालेले आमचे शेवटचे ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले तेव्हा त्यांचे पदही त्यांच्याबरोबरच गेले, कारण कॅसमधील बढती व्यक्तीला मिळते, जागा मूळ संवर्गातच राहते. तेव्हापासून विभागप्रमुखपदाचा प्रभार सहयोगी प्राध्यापकांकडे आहे. म्हणजे या जागेवर जो कोणी रुजू होईल, त्याच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखाचा शिक्का येऊन पडणार हे उघड आहे. कागदोपत्री आपण एक प्राध्यापक भरतो आहोत आणि प्रत्यक्षात पुढच्या कितीतरी वर्षांसाठी विभागाचे नेतृत्व निवडतो आहोत. मात्र या संपूर्ण प्रक्रियेत नेतृत्वाविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम बहुतेकांना ठाऊक असतील. प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., किमान १० वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा आणि १२० संशोधन गुण (ज्यांना जुन्या पद्धतीच्या नावाने अजूनही सगळे एपीआयच म्हणतात) अशी ती पात्रता आहे. आता हे १२० गुण कसे जमतात ते पाहावे. विज्ञानातील एका निबंधाला ८ गुण असतात आणि त्यांत नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्यातील निबंधांचा सरासरी किती उल्लेख होतो त्या आकड्याप्रमाणे) भर पडते; तो २ ते ५ च्या दरम्यान असेल तर २० गुणांची. दोनांहून अधिक लेखक असतील तर मुख्य लेखकाला एकूण गुणांच्या ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के मिळतात. म्हणजे २८ च्या ३० टक्के, ८.४ गुण. असे १५ निबंध झाले की १२६ गुण होतात, आणि त्यांतील एकाही निबंधाचा मुख्य लेखक नसलेला, कधीही स्वतःची प्रयोगशाळा न उभारलेला माणूस गुणांच्या अटीत आरामात बसतो. तो वाईट संशोधक असेलच असे नाही. प्रश्न इतकाच आहे की त्या आकड्यावरून त्याच्याविषयी आपल्याला काय कळले.

काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या विद्यापीठात मी विषयतज्ज्ञ म्हणून निवड समितीवर बसलो होतो. त्या दिवशी अकरा उमेदवार होते आणि प्रत्येकाला जेमतेम पंधरा मिनिटे मिळत होती. बाहेरच्या व्हरांड्यात कागदपत्र पडताळणीचे टेबल होते आणि तिथे छापील शोधनिबंधांच्या प्रतींचे गठ्ठे सुटत होते, बांधले जात होते. सातव्या की आठव्या उमेदवाराला मी सहज विचारले की, इथला विभाग आपण पाहिला आहे का? तो म्हणाला की तो आदल्या संध्याकाळीच येऊन पोहोचला होता आणि विभागात फिरून आला होता. एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या) खोलीवर 'यंत्र बंद आहे' अशी चिठ्ठी त्याला दिसली आणि चिठ्ठीवरची तारीख दीड वर्षापूर्वीची होती. त्याने प्रयोगशाळा सहायकाला गाठून विचारपूस केली, तेव्हा एक्स-रे ट्यूब शाबूत असून ती थंड ठेवणाऱ्या चिलरचा पंप गेला आहे, पाण्याचा प्रवाह कमी पडला की इंटरलॉक ही सुरक्षा-यंत्रणा यंत्र बंद करते, आणि वार्षिक देखभालीचा करार संपल्यामुळे कोणी हात लावत नाही, असे त्याला कळले. हे सांगून तो शांतपणे पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागला. समितीतील आम्ही पाचसहा जण एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण दीड वर्षात त्या विभागाच्या कोणाही प्राध्यापकाला जे ठाऊक नव्हते ते या परक्या माणसाने एका संध्याकाळी शोधून काढले होते. त्याची निवड झाली नाही. गुणपत्रकात त्यासाठी रकाना नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही त्याच्यासाठी पुरेसा आग्रह धरला नाही.

म्हणून या मंचावरील सर्वांना विचारतो: नियमांच्या चौकटीत राहूनच, विभागप्रमुख होण्याची कुवत तपासता येईल असे जाहिरातीत आणि मुलाखतीत काय करता येईल?

रंगद्रव्य

मी माटुंग्याच्या यूडीसीटीचा (रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा) जुना विद्यार्थी असल्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. मुंबई विद्यापीठाचा हा विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला आणि पहिला प्रमुख म्हणून आर. बी. फॉर्स्टर या इंग्रज प्राध्यापकांना आणले गेले. १९३८ मध्ये के. वेंकटरमण पहिले भारतीय प्रमुख झाले आणि जवळजवळ दोन दशके त्या पदावर राहिले. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात या विभागाला जगात जे नाव मिळाले ते या काळातले आहे. पुढे १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला पहिला भारतीय संचालक हवा होता, तेव्हा तो माटुंग्याहूनच गेला. विद्यापीठाच्या एका विभागाचा प्रमुख राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संचालकपदाला साहजिक उमेदवार वाटावा, इतके वजन त्या काळी विभागप्रमुखपदाला होते.

त्याहून बोलके उदाहरण एम. एम. शर्मा यांचे आहे. जोधपूरचा हा विद्यार्थी यूडीसीटीत शिकला, केंब्रिजहून पीएच.डी. करून १९६४ मध्ये परतला आणि थेट प्राध्यापक झाला. त्या वेळी त्यांचे वय २७ वर्षे होते. पुढे १९८९ ते १९९७ या काळात ते विभागाचे संचालक होते आणि रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. आजच्या विनियमांनुसार १० वर्षांच्या अनुभवाच्या अटीपाशीच त्यांचा अर्ज छाननीत बाद झाला असता आणि यादीत त्यांच्या नावापुढे 'अनुभव अपुरा' असा शेरा पडला असता.

बिंदू७

रंगद्रव्य यांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत, परंतु अशी उदाहरणे मांडताना आपण नेहमी चाळणीतून वर राहिलेलेच मोजतो. जे दाराबाहेर राहिले त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

सी. व्ही. रमण यांचेच पाहा. कलकत्त्यात वित्त खात्याच्या सरकारी नोकरीत असलेल्या, पीएच.डी. नसलेल्या या माणसाला कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष मुखर्जींनी १९१७ मध्ये भौतिकशास्त्राच्या पालित प्राध्यापकपदावर आणले; त्या अध्यासनाची परदेशी प्रशिक्षणाची अट रमण मानायला तयार नव्हते, तेव्हा ती बाजूला ठेवण्यात आली. रमणही सरकारी नोकरीतला मोठा पगार सोडून कमी पगारावर आले. ही गोष्ट आपण सगळे कौतुकाने सांगतो. मात्र अट बाजूला ठेवण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती असणे म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या मागच्या पिढीला चांगले ठाऊक आहे. माझे वडील १९७० च्या दशकात एका विज्ञान विभागात अधिव्याख्यात्याच्या मुलाखतीला गेले होते. त्यांना आडनाव, गाव आणि त्यानंतर पुन्हा एकदा आडनाव विचारले गेले, विषयावर एकही प्रश्न आला नाही. गुण, रकाने, आरक्षणाची बिंदुनामावली हे सगळे तुम्हाला आज कटकटीचे वाटते, पण त्या रकान्यांमुळेच आमच्यासारख्यांचे अर्ज निदान वाचले तरी जाऊ लागले. 'नेतृत्वगुण' हा शब्द मुलाखतीत आला की मला धडकी भरते, कारण तो मोजता येत नाही आणि बहुतेक वेळा समितीला आपल्यासारखाच दिसणारा माणूस नेता वाटतो.

अनुनाद

बिंदू७, आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो नोंदवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. रकाने काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. उलट आणखी एक रकाना असावा आणि तो सर्वांसाठी सारखाच असावा, असे म्हणणे आहे. चिलरच्या पंपाची चौकशी करणे हा स्वभावाचा गुण नाही, तो कामाचा भाग आहे, आणि काम तपासता येते.

शीतनळी

मूळ प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती तपासावी असे वाटते. विभागप्रमुखपद ही आपल्याकडे मुळात भरतीची जागा नाहीच. ते पद ज्येष्ठतेनुसार, बहुतेक ठिकाणी तीन-तीन वर्षांच्या पाळीने फिरते. फिरती पद्धत आली ती विभागप्रमुख म्हणजे विभागाचा जहागीरदार अशी स्थिती मोडण्यासाठी आली, आणि ज्यांनी ती जहागिरी भोगलेली पाहिली आहे ते तिला नावे ठेवणार नाहीत. आमच्या विभागात एका प्रमुखांच्या परवानगीशिवाय भांडारातून बीकर निघत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तिची दुसरी बाजू अशी की, तीन वर्षांतले पहिले वर्ष जेम या सरकारी पोर्टलवरची खरेदी आणि उपयोगिता प्रमाणपत्रे समजून घेण्यात जाते, दुसरे वर्ष नॅकच्या (मूल्यांकन परिषदेच्या) किंवा अन्य कुठल्या तरी तपासणीत जाते, आणि तिसऱ्या वर्षी पुढच्या पाळीचा माणूस कोण याची कुजबुज सुरू झालेली असते. मोठे उपकरण प्रस्ताव मंजूर होण्यापासून बसवण्यापर्यंत तीन वर्षे सहज घेते. त्यामुळे एकाने मागवलेले यंत्र दुसऱ्याच्या काळात येते आणि त्याची देखभाल तिसऱ्याच्या वाट्याला येते. अनुनाद यांनी सांगितलेली ती दीड वर्षाची चिठ्ठी बहुधा अशाच दोन पाळ्यांच्या सांध्यात अडकलेली असावी.

तरीही माझे मत असे की विभागात चार-पाच प्राध्यापक असतील तरच पाळीला अर्थ आहे. जिथे एकच प्राध्यापक आहे तिथे पाळी कोणाकोणात फिरवायची?

नेकार

मी गेली चौदा वर्षे जर्मनीत एका विद्यापीठात रसायनशास्त्राच्या विभागात काम करतो आहे. इथल्या पद्धतीची सरसकट नक्कल आपल्याकडे होऊ शकणार नाही, पण दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की इथे सामान्यतः आपल्याच संस्थेतल्या माणसाला थेट प्राध्यापकपद दिले जात नाही. त्याने आधी बाहेर जाऊन स्वतःला सिद्ध केले पाहिजे, असा संकेत आहे आणि बऱ्याच ठिकाणी तसा नियमही आहे. या संकेताने काही वेळा घरच्या चांगल्या माणसावर अन्याय होतो. परंतु गुरूचा विद्यार्थी, त्याचा विद्यार्थी आणि त्याचाही विद्यार्थी अशी एकाच विभागात उतरत जाणारी वंशावळ त्यामुळे तुटते. शर्मा यांचे उदाहरण या दृष्टीने मला अर्थपूर्ण वाटते: ते घरचेच होते, पण बाहेर जाऊन आलेले होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निवड समिती साधारण तीन नावांची क्रमवार यादी करते, आणि पहिल्या नावाला आमंत्रण गेल्यावर खरी बोलणी सुरू होतात. उमेदवार विचारतो की मला किती सहायक मिळतील, प्रयोगशाळेचे किती चौरस मीटर मिळतील, उपकरणांसाठी किती निधी मिळेल, कार्यशाळेतल्या तंत्रज्ञाचे किती तास मिळतील. हे सगळे लेखी ठरते. त्या बोलण्यांवरूनच विभागाला कळते की समोरच्या माणसाला आपले काम किती कळलेले आहे, आणि उमेदवारालाही कळते की हा विभाग आपल्याकडून काय अपेक्षितो आहे. आपल्याकडे १,४४,२०० रुपयांपासूनची वेतनश्रेणी जाहिरातीत छापलेली असते आणि बोलणी तिथेच संपतात. खोली कुठली मिळणार हेही रुजू झाल्यावर कळते. माझ्या ओळखीचे दोघे परतायला तयार होते. ते पगारासाठी अडले नाहीत, त्यांच्या 'प्रयोगशाळेसाठी काय देणार?' या पत्राला दोन ठिकाणांहून उत्तरच आले नाही म्हणून अडले.

तासिका_तत्त्व

मी आठ वर्षे तासिका तत्त्वावर एम.एस्सी.ची प्रात्यक्षिके घेतो. माझे मत कोणी विचारणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहितो. आजवर मी चार विभागप्रमुख पाहिले. त्यांच्यापैकी एकांचे संशोधन फारसे नव्हते, परंतु सत्र सुरू होण्याआधी आमच्या नेमणुकीचे पत्र निघावे म्हणून ते स्वतः आस्थापना विभागात जाऊन बसत, आणि त्यांच्याच काळात आमची देयके वेळेवर निघाली. ज्यांचा एच-इंडेक्स (संशोधनाचा किती उल्लेख होतो याचा आकडा) सर्वांत मोठा होता त्यांना माझे नाव तीन वर्षांत पाठ झाले नाही. मुलाखतीत उमेदवाराला एवढेच विचारा की आपल्या सध्याच्या विभागातील प्रयोगशाळा सहायकांची नावे काय आहेत.

आवकजावक

मी एका विद्यापीठातून उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो आणि माझी बहुतेक नोकरी आस्थापना विभागात झाली. वरची चर्चा मनापासून आवडली, पण मूळ प्रश्न 'नियमांत राहून काय करता येईल' असा असल्यामुळे मी त्यावरच लिहितो.

विनियमांतच अशी सोय आहे की, मुलाखतीच्या टप्प्यावर उमेदवाराची अध्यापनाची आणि संशोधनाची क्षमता परिसंवाद किंवा वर्गातील व्याख्यानातून विद्यापीठाला तपासता येते. फार थोडी विद्यापीठे ही सोय वापरतात. आपल्या विभागाने लेखी मागणी करावी की पात्र उमेदवारांनी मुलाखतीच्या आदल्या दिवशी विभागात व्याख्यान द्यावे आणि त्यानंतर प्रयोगशाळा पाहून विभागाच्या पुढील पाच वर्षांविषयी दोन पानी टिपण समितीला सादर करावे. मात्र हे सर्व जाहिरातीतच छापले गेले पाहिजे, आणि कशाला किती गुण हेही त्यातच असले पाहिजे. अर्ज आल्यानंतर सुचलेली कल्पना, ती कितीही चांगली असली तरी, न्यायालयात टिकत नाही. भरती सुरू झाल्यावर निवडीचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. बिंदू७ यांच्या शंकेलाही माझ्या मते हेच उत्तर आहे: जे छापलेले आहे ते सर्वांना सारखेच लागू होते.

तज्ज्ञांच्या नावांबद्दल एक सूचना करतो. समितीत कुलगुरू अध्यक्ष असतात. कुलपतींचे प्रतिनिधी, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि तीन विषयतज्ज्ञ असतात. हे तज्ज्ञ विद्यापीठाच्या अधिकार मंडळाने मंजूर केलेल्या नामिकेतून (नावांच्या यादीतून) कुलगुरू नेमतात. ही नामिका कित्येक वर्षांत कोणी उघडून पाहिलेली नसते. माझ्या कारकिर्दीत एकदा तज्ज्ञांना पत्रे गेली तेव्हा नामिकेतील दोघे निवृत्त होऊन दशक लोटलेले निघाले आणि एक हयात नव्हते. गणपूर्तीला किमान चार सदस्य लागतात आणि त्यांत दोन बाहेरचे तज्ज्ञ हवेत, त्यामुळे ऐन वेळी जो येईल त्याला बोलावले जाते. विभागाला आपल्या नेतृत्वाची खरोखर काळजी असेल तर जाहिरातीच्या आधी नामिका अद्ययावत करून घ्यावी, आणि त्यासाठी कोणाच्या मर्जीची गरज नसते.

शेवटचा मुद्दा स्पेशलायझेशनच्या रकान्याचा. हा रकाना जितका अरुंद, तितका तो एखाद्या ठरावीक माणसाच्या मापाने शिवलेला असतो, हे आम्ही कार्यालयातले लोक मसुदा वाचताच ओळखत असू. 'पातळ पटलांवरील वायुसंवेदक' असे कोणी लिहून पाठवले की आम्ही उमेदवाराचे नावही सांगत असू.

शीतनळी

आवकजावक यांच्या सूचनेतील दोन पानी टिपणाबाबत मला शंका आहे. आजकाल अशी टिपणे संगणकाकडून पाच मिनिटांत लिहून मिळतात आणि ती सगळी सारखीच गुळगुळीत असतात. व्याख्यान ठेवावे, प्रयोगशाळाभेट ठेवावी, पण टिपण घरून आणू देऊ नये. भेट झाल्यावर विभागातच बसवून, एका तासात, हाताने लिहून घ्यावे.

बिंदू७

हाताने लिहून घेणार असाल तर ती टिपणे नावाशिवाय, क्रमांक घालून तज्ज्ञांकडे द्यावीत. मग माझी हरकत नाही.

अनुनाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी विभागाची बैठक झाली आणि आज दुपारी मसुदा आस्थापना विभागात दिला. स्पेशलायझेशनच्या रकान्यात 'भौतिकशास्त्राची कोणतीही शाखा; प्रायोगिक कामाचा अनुभव असल्यास प्राधान्य' एवढेच लिहिले आहे. 'प्राधान्य' या शब्दावरून सैद्धांतिक भौतिकीचे आमचे सहकारी नाराज झाले आणि त्यांची नाराजी रास्तच आहे, पण विभागात बंद पडलेली तीन उपकरणे आहेत आणि मला त्यांच्यापुढे दुसरे काही सुचले नाही. व्याख्यान, प्रयोगशाळाभेट आणि क्रमांक घातलेले हस्तलिखित टिपण, प्रत्येकाच्या गुणांसह, वेगळ्या परिच्छेदात घातले आहे. सोबत तज्ज्ञांच्या नामिकेसाठी नऊ नव्या नावांची शिफारस जोडली आहे, आणि त्या नऊ जणांपैकी एकही आमच्या विभागाचा माजी विद्यार्थी नाही.

तासिका_तत्त्व, आपला प्रश्न मसुद्यात घालता आला नाही. मात्र समितीवर विभागाच्या वतीने आमचे प्रभारी प्रमुख बसणार आहेत आणि तो प्रश्न त्यांनी आपल्या डायरीत लिहून घेतला आहे. लिहून झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारले की, आपल्या चौथ्या प्रयोगशाळेतल्या त्या नव्या सहायकाचे नाव काय?

मसुद्याला आवक क्रमांक मिळाला आहे. बिंदुनामावलीच्या तपासणीसाठी तो आता मागासवर्गीय कक्षाकडे जाईल. तिथून परत आला की इथेच कळवतो.